तिसऱ्या खेळीचा हुकूम

"हुकूम लिहून द्यायचा," सुभेदार म्हणाले. "तोंडी इथं चालत नाही."

त्यांनी वहीच्या कागदाचे चतकोर तुकडे आणि टोक काढलेली पेन्सिल माझ्यापुढं सरकवली. आमच्या दोघांच्या मध्ये सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबल होतं. त्यावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या रंगानं काढलेला एक ओढा, ओढ्यावर काड्यांचा पूल आणि बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई. पुठ्ठ्याच्या एकेका चकतीवर चार-चार शिपाई चिकटवलेले. माझे खाकी, त्यांचे करडे.

मी पेन्सिल उचलली. काही न लिहिता परत खाली ठेवली.

"कडी कशाला घातली?" मी विचारलं. मी आत आल्या आल्या त्यांनी दाराला आतून कडी लावली होती आणि तेव्हापासून माझं अर्धं लक्ष त्या दाराकडंच होतं.

"मांजर येतं. टेबलावर चढून माणसं पाडतं."

सकाळचे दहा वाजले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाहेर कुणीतरी धुणं आपटत होतं. भ्यायचं असं काही त्या खोलीत नव्हतं. तरी माझा सदरा पाठीला चिकटला होता.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या अग्निशमन दलाचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे हाताखाली एक बंब, एक ड्रायव्हर आणि पाच फायरमन. त्या पाचांतला एक विश्वजित भोईटे. सत्तावीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. त्या सकाळच्या तीन महिने आधी एका विहिरीत अडकलेली माणसं काढायला तो उतरला आणि गेला. सुभेदार हैबतराव भोईटे हे त्याचे वडील.

विश्वजितला मी खांदा दिला होता. त्यानंतर त्यांच्या जांभळेवाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. शुक्रवारी अचानक सुभेदारांचा फोन आला. "केंजळेसाहेब, रविवारी मोकळे आहात का? सकाळी घरी या. एक डाव खेळू." कसला डाव, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून हो म्हणालो. रविवारी गावाच्या कमानीपासून दोनदा मोटारसायकल मागं वळवली. तिसऱ्यांदा कमानीखाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाकडं जायचंय?" आणि मग जावंच लागलं.

सुभेदारांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली होती. शेवटची सहा वर्षं ते एका प्रशिक्षण केंद्रात वाळूचे नकाशे करायचे. एखादी लढाई शिकवायची तर तिथला डोंगर, नदी, रस्ता सगळं जमिनीवर वाळूत उभं करायचं, हे त्यांचं काम. तिथल्या एका साहेबाला टेबलावरच्या लढाईचा नाद होता. त्यानं तो यांना लावला आणि निवृत्त होताना शिपाई ओतायचे साचे देऊन टाकले. तेव्हापासून सुभेदार स्वतः शिसं वितळवायचे, शिपाई ओतायचे, बारीक कुंचल्यानं रंगवायचे. खेळाचे नियम त्यांनी दोनशे पानी वहीत मराठीत लिहून काढले होते.

"विशू दहा वर्षांचा होता तेव्हापासून दर रविवारी खेळायचो," ते म्हणाले. "त्या खुर्चीवर बसायचा. तुम्ही बसलाय तिथं."

मी खुर्चीत नकळत पुढं सरकलो.

"ही एक तुकडी रंगवायची राहिली त्याची." त्यांनी पुलाजवळच्या एका चकतीवर बोट ठेवलं. तिच्यावरचे चारही शिपाई नुसत्या शिशाचे, बिनचेहऱ्याचे होते. "तशीच घेऊ. चालेल ना?"

"चालेल."

मग त्यांनी डाव समजावून दिला. माझ्याकडं सहा तुकड्या. पूल माझ्या ताब्यात, तो आठव्या खेळीपर्यंत राखायचा. आठव्या खेळीला मागच्या रस्त्यानं माझी तोफ येणार. तोफ आली आणि तेव्हा पुलावर चार तुकड्या शाबूत असल्या, की मी जिंकलो. त्यांची माणसं कमी होती, पण त्यांच्याकडं एक मशीनगन होती. ती कुठं लपवली आहे हे त्यांनी आधीच कागदावर लिहून, घडी घालून माझ्यासमोर पेल्याखाली ठेवलं. गोळी सुटेपर्यंत ती मला दिसणार नव्हती. प्रत्येक खेळीला मी प्रत्येक तुकडीचा हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, मग टेप लावून तुकडी सहा इंच पुढं किंवा मागं करायची, मग फासे टाकायचे.

"सोपं आहे," ते म्हणाले.

मग पुढं म्हणाले, "तुमची एक तुकडी टेहळणीला ओढ्यात उतरलेली आहे. तिथनं डाव सुरू होतो."

त्यांनी माझी पहिली तुकडी उचलून निळ्या रंगाच्या खोलगट भागात ठेवली. कापडाखाली काहीतरी घालून त्यांनी काठ उंच केले होते. वरून बघितलं की ते चार शिपाई खड्ड्यात उभे असल्यासारखे वाटत. मी नजर दुसरीकडं वळवली.

पहिली खेळी गेली. दुसरी गेली. मी सगळ्या तुकड्यांना "जागेवर थांबा" लिहिलं. सुभेदारही फार काही करत नव्हते. ते मधूनमधून माझ्याकडं बघायचे आणि पुन्हा टेबलाकडं. मला वाटत होतं, आता विचारतील. या फाशानंतर विचारतील. फासा थांबायचा आणि ते नुसते म्हणायचे, "चार. तुमची पाळी."

दुसऱ्या खेळीच्या शेवटी त्यांनी पेल्याखालची घडी उलगडली. मशीनगन ओढ्याच्या वरच्या वळणावर होती, झुडपात. त्यांनी फासे टाकले आणि ओढ्यातल्या माझ्या चार शिपायांपैकी दोघांना, चकती तिरकी करून, दोऱ्याची खूण घातली.

"दोघं पडले. दोघं आहेत, पण हलता येत नाही. वर काठावर चढले तर गोळी. हुकूम?"

मी टेबलाकडं बघत राहिलो. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि मी दचकून उठलोच.

"बसा, बसा. ही आहे," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी कडी काढली.

विश्वजितची आई चहा घेऊन आत आली. लहानखुरी बाई, डोक्यावर पदर. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर तिनं मागं सरून तो टाळला.

"बसा साहेब. चहा घ्या. साखर कमी घातलीय, विशू म्हणायचा साहेबांना गोड चालत नाही."

"हो," मी म्हणालो.

"लई सांगायचा तुमचं. साहेब असं म्हणाले, साहेब तसं म्हणाले. जेवताना पण तेच." ती बोलता बोलता टेबलाकडं बघत होती. "जिंकू द्या हो यांना. पाहुणे आहेत."

ती गेली. कडी पुन्हा लागली. चहा मी एका घोटात संपवला आणि जीभ भाजली.

"हुकूम," सुभेदार म्हणाले.

मी लिहिलं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. दुसरी तुकडी ओढ्यात सोडली. पहिलीतल्या दोघांना काढून आणायचं, असा माझा विचार होता. सुभेदारांनी चिठ्ठी वाचली, आपल्या वहीत ठेवली आणि फासे टाकले. दुसऱ्या तुकडीतले तिघं पडले.

"चौथी खेळी. हुकूम?"

आता ओढ्यात माझ्या दोन तुकड्या अडकल्या होत्या. पुलावर चार उरल्या होत्या. मला मोजता येत होतं. चार तुकड्या पुलावर ठेवून नुसतं थांबलो तर डाव माझा होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण ते तीन उभे शिपाई त्या निळ्या खड्ड्यात होते आणि मला त्यांच्याकडं बघवेना. काहीतरी केलं पाहिजे, लवकर केलं पाहिजे, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी तिसरी तुकडी पाठवली. मग मशीनगनवर चालून जायला चौथी. ती वळणापर्यंत पोचलीच नाही. पाचव्या खेळीला मी ती बिनरंगाची तुकडी उचलली तेव्हा सुभेदार पहिल्यांदा म्हणाले, "बघा हं."

"बघितलंय," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "जाऊ दे तिला."

सहाव्या खेळीला त्यांचे करडे शिपाई आरामात चालत पुलावर आले. तिथं माझी एकच तुकडी उरली होती. त्यांनी फासा टाकला. मग टेपची गुंडाळी केली आणि चष्मा काढून पुसला.

"हरलात."

"हरलो." मी उठायला लागलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं होतं. "चांगला खेळ आहे. येतो मी आता, स्टेशनवर..."

"बसा. खेळ अजून झाला नाही."

"हरलो ना मी."

"हरल्यावरच खरा खेळ असतो. आम्ही डाव संपला की परत मांडायचो. चुकलो कुठं ते बघायला. विशूला जिंकण्यापेक्षा तेच आवडायचं." त्यांनी पडलेल्या चकत्या एकेक करून सरळ केल्या आणि अचूक तिसऱ्या खेळीच्या जागी ठेवल्या. एकदाही चाचपडले नाहीत. "बसा."

मी बसलो.

"ही तिसरी खेळी. पहिली तुकडी ओढ्यात. दोघं पडलेत, दोघं अडकलेत. मशीनगन कुठं आहे ते तुम्हाला कळलंय. तुमची तोफ आठव्या खेळीला येणार. बरोबर?"

"बरोबर."

"तोफेनं मशीनगन उडाली असती. दोघं निवांत वर आले असते. पाच खेळ्या थांबायचं होतं."

"हो."

"तुम्हाला हे दिसत नव्हतं का?"

मी टेपची गुंडाळी उचलून परत ठेवली.

"मी हरवायला विचारत नाही," सुभेदार म्हणाले. "मला समजून घ्यायचंय. दिसत होतं का नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग का पाठवली?"

"थांबवेना."

"त्या दोघांचे हाल बघवेनात?"

मी हो म्हणणार होतो. तेच उत्तर चांगलं होतं. पण त्यांनी प्रश्न इतक्या साध्या आवाजात विचारला होता, की खोटं तोंडातून निघेना. मी टेबलाकडं बघितलं. ते शिशाचे होते. त्यांचे कसले हाल होणार? तरी मला विहिरीवर त्या दिवशी झालं होतं तसंच झालं होतं.

"नाही," मी म्हणालो. "माझंच मला उभं राहवेना. नुसतं काही न करता उभं राहायचं, त्याची भीती वाटते."

सुभेदारांनी मान हलवली. मग वही उघडून माझ्या चिठ्ठ्या काढल्या आणि तिसऱ्या खेळीची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. माझ्याच अक्षरात दोन शब्द होते. 'दोन, उतर.'

बाकीच्या चिठ्ठ्यांवर मी 'पुढे जा', 'जागेवर थांबा' असं लिहिलं होतं. फक्त त्या एका चिठ्ठीवर 'उतर' होतं. लिहिताना मला ते कळलंही नव्हतं.

"सतरा वर्षं मी त्याच्याबरोबर खेळलो," सुभेदार चिठ्ठीकडं बघत म्हणाले. "हाच डाव शंभरदा तरी मांडला असेल. विशू यात एकदाही हलला नाही. चिठ्ठीशिवाय बोट लावायचा नाही शिपायाला. मी मुद्दाम चिडवायचो, अरे जा की, तुझी माणसं मरतायत. तो म्हणायचा, हुकूम आठव्या खेळीचा आहे. त्यापायी कितीतरी डाव हरायचा तो, जिथं पुढं जायला हवं तिथंही थांबून राहायचा." ते थांबले. "तुमचा अहवाल मला नगरपालिकेनं दिला. त्यात लिहिलंय, आदेशाची वाट न पाहता भोईटे स्वतः होऊन विहिरीत उतरला."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली.

"तीन महिने मी ते वाक्य वाचतोय. हिला अजून दाखवलं नाही. फौजेत हुकूम मोडणारा माणूस काय असतो, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, तो असा झाला असेल तर माझ्यामुळं झाला. मीच त्याला चिडवायचो, जा म्हणायचो. मीच शिकवलं असेल. रोज सकाळी इथं येऊन एकटा डाव मांडतो, त्याच्या बाजूनं खेळतो. तो काही उतरत नाही, साहेब. कितीही मांडलं तरी उतरत नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते. "विहिरीवर चिठ्ठी नव्हती. म्हणून तुम्हाला बोलावलं. मला एवढंच सांगा, त्याला उतर म्हणून कुणी सांगितलं?"

तीन महिने मी या प्रश्नाला भीत होतो. चौकशीत तो कुणी विचारलाच नव्हता. स्वप्नात विचारायचे, रस्त्यात मागून कुणी हाक मारली की वाटायचं, हाच प्रश्न आला. आता तो आला होता, आणि दार दोन पावलांवर होतं. कडी काढून गेलो असतो तर त्यांनी अडवलं नसतं, याची मला खात्री होती.

"मी," मी म्हणालो.

मग पुढचंही सांगितलं.

त्या दिवशी एका मळ्यात विहिरीचा गाळ काढत होते. पाणी उपसायला डिझेलचं इंजिन आतच उतरवलं होतं. धूर तळाला साठला. एक मजूर कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला, तोही कोसळला. आम्ही पोचलो तेव्हा काठावर शंभर माणसं होती. पाठीवर घ्यायचा हवेचा सेट आमच्याकडं एकच होता आणि त्याचा सिलिंडर भरायला गेला होता. जवळच्या साखर कारखान्यात फोन केला. ते म्हणाले, सेट पाठवतो, वीस मिनिटं लागतील.

"वीस मिनिटं," मी सुभेदारांना सांगितलं. "मी घड्याळ लावलं. चार मिनिटं गेली. एक बाई सारखी ओरडत होती. लोक म्हणत होते, पगार कशाचा घेता, भिता काय. कुणीतरी मला मागून ढकललं. विश्वजित माझ्याशेजारी कमरेला दोर बांधून उभा होता. त्यानं एकदाही मी जातो म्हटलं नाही. मीच वळलो आणि म्हणालो, ओला रुमाल बांध आणि उतर. दोन मिनिटांत वर घेतो."

"आणि?"

"अर्ध्यावर गेला आणि दोर ढिला पडला. आम्ही ओढला तर तो सुटून आला. गाठ कशी सुटली ठाऊक नाही." बाहेर ऊन होतं आणि मला हुडहुडी भरली होती. "गोंगाटात माझं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. दोन दिवसांनी अहवाल मागितला. मी ते एक वाक्य लिहिलं. एकदा लिहिल्यावर मग ते बदलायची भीती."

"कारखान्याचा सेट कधी आला?"

"अठराव्या मिनिटाला."

सुभेदार उठले. मला वाटलं, आता मारतील. मनातून तेच हवं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्या बाजूनं गेले, कडी काढली आणि बाहेर हाक मारली, "अगं, जरा आत ये."

"नको," मी म्हणालो. "सुभेदारसाहेब, त्यांना नको."

"मला सांगितलंत तसंच तिला सांगा. मी सांगणार नाही. तुमचं आहे ते."

आई हात पुसत आत आली आणि दाराशी उभी राहिली. मी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्या वेळेपेक्षा ते अवघड होतं, कारण ती मध्ये काहीच विचारत नव्हती. शेवटी मी ते अहवालातलं वाक्यही सांगितलं. मग थांबलो आणि जमिनीकडं बघत राहिलो.

"उतरताना भ्याला होता का तो?" तिनं विचारलं.

मला वाटलं, नाही म्हणावं. शूर होता म्हणावं. आईला तेच बरं वाटेल. पण त्या दिवशी माझ्याकडचं खोटं संपलं होतं.

"हो," मी म्हणालो. "भ्याला होता. माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं जा, तेव्हा 'जी साहेब' म्हणाला आणि उतरला."

तिनं पदर तोंडाला लावला. सुभेदारांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं काढला.

"जा तुम्ही आता," ती मला म्हणाली. शिवी नाही, शाप नाही. "जा."

मी दारापर्यंत गेलो. मागून सुभेदारांचा आवाज आला.

"केंजळे." साहेब त्यांनी गाळलं होतं. "त्याच्या नावापुढनं ते वाक्य काढा."

सोमवारी साडेदहाला कचेरी उघडली तेव्हा मी दारात उभा होतो. दुसरा अहवाल लिहून दिला. मुख्याधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "कळतंय का काय करताय?" कळत होतं. मला निलंबित केलं, चौकशी झाली, पोलिसांत जबाब झाला, खटला दोन वर्षं चालला. न्यायालयानं साधनांची कमतरता धरली आणि मला सोडलं. नगरपालिकेनं सोडलं नाही. चार वर्षं एका कोठारात होसपाइप आणि बादल्या मोजत बसलो. विश्वजितच्या कागदांत 'आदेशानुसार कर्तव्य बजावताना' असं आलं. त्याची एक प्रत मी टपालानं जांभळेवाडीला पाठवली. उत्तर आलं नाही.

वर्षभरानं एका शनिवारी फोन आला. "उद्या या," सुभेदार म्हणाले. त्यानंतर महिन्यातून एक रविवार मी जात राहिलो, ते असेपर्यंत. आम्ही तोच डाव मांडायचो, नाहीतर दुसरे. मी बहुतेक हरायचो आणि मग आम्ही तो परत मांडायचो. त्यांनी मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. विश्वजितची आई त्या वेळात शेजारी जाऊन बसायची.

पुढं माझी दुसऱ्या गावी बदली झाली आणि बंब पुन्हा हाताखाली आला. तिथं तिसऱ्या वर्षी दुपारी एक वर्दी आली. एका साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीत विषारी वायूनं दोन कामगार कोसळले होते. आमच्या दोन्ही सेटमधली हवा सकाळच्या आगीत संपली होती. दुसरे सेट शेजारच्या तालुक्यातून निघाले होते. मी टाकीच्या शिडीला पाठ लावून उभा राहिलो. माझ्यासमोर माझी चार माणसं होती. त्यातला सगळ्यांत जुना, इनामदार म्हणाला, "साहेब, मी श्वास धरून जातो आणि येतो."

"नाही."

"एकाला तरी काढतो."

"नाही. कुणीही शिडीला हात लावायचा नाही. सेट येईपर्यंत थांबा."

लोकांनी शिव्या दिल्या. आतल्या एका कामगाराची बायको धावत आली आणि मला मारायला लागली, छातीवर, तोंडावर, दोन्ही हातांनी. चष्मा पडला, कुणाच्यातरी पायाखाली गेला. मला पळून जावंसं वाटत होतं. इनामदारला जा म्हणावंसं वाटत होतं. एक शब्द बोललो असतो तर ते सगळं थांबलं असतं. मी शिडी सोडली नाही.

सव्विसाव्या मिनिटाला सेट आले. मग माणसं उतरवली. एक कामगार जिवंत निघाला. जो गेला तो तिचा नवरा होता.

सगळं आवरल्यावर ती माझ्याकडं आली. मला वाटलं, पुन्हा मारेल. तिनं विचारलं, "तुम्ही आल्या आल्या कुणी उतरलं असतं, तर वाचला असता का तो?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "वाचला असता कदाचित. माझा माणूसही गेला असता कदाचित. मी त्याला जाऊ दिलं नाही. मी अडवलं."

ती तिथंच मातीत बसली. इनामदार बंबाजवळून मला हाक मारत होता. मी तिच्यापासून दोन हातांवर खाली बसलो आणि तिच्या माहेरची माणसं येईपर्यंत उठलो नाही.